एका घासाला दोन तोंडं

सिनेमाकंपनीचे दिग्दर्शक मास्तर दुपारच्या चहाला येणार होते, आणि पडदा कुठल्या दाराला लावायचा यावरून जेवणं झाल्यापासून घरात वाद चालला होता. वकिलाचं म्हणणं, बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीत जाणाऱ्या दाराला. वकील म्हणजे थोरलीचा पाठचा भाऊ. कायद्याचं पुस्तक त्याने लांबूनही पाहिलं नव्हतं, पण हरलेली बाजू जिंकेपर्यंत बोलत राहायची खोड लहानपणापासूनची, म्हणून घरात हे नाव पडलं. थोरलीचे स्टुडिओतले सगळे व्यवहार तोच पाहत असे. त्याच्या बायकोचं म्हणणं, पडदाच नको आणि हा खेळही नको, वन्संनी आता मानाने घरी बसावं. धाकटी काहीच म्हणत नव्हती. ती टेलिफोन एक्सचेंजमधून रजा काढून आली होती आणि स्टुलावर उभी राहून गुमान पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होती.

थोरली खिडकीशी बसून हे सगळं पाहत होती. जिचा चेहरा सिनेमाच्या जाहिरातींतून शहरातल्या भिंतीभिंतीवर हातभर लांब चिकटवलेला होता, त्या बाईला तिच्याच घरात कुणी काही विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तोंडघशी पडलेल्या माणसाने मत द्यायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

झालं होतं ते असं. कंपनीने ठरवलं की यापुढे मूकपट बंद, काढायचे ते बोलपटच. पहिल्या बोलपटातली मोठी भूमिका थोरलीसाठीच लिहिलेली होती, फक्त आधी आवाजाची चाचणी द्यायची होती. थोरली गेली. पाहते तो स्टुडिओ ओळखू येईना. भिंतींना ब्लँकेटं ठोकलेली, पंखे बंद, घरघर ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा माणसासकट काचेच्या खोक्यात कोंडलेला, आणि टेबलावरच्या फुलदाणीत फुलांआड मायक्रोफोन लपवलेला. मूकपटाच्या काळात चित्रीकरण म्हणजे बाजार असे. मास्तर कर्ण्यातून ओरडत, कोपऱ्यात व्हायोलिनवाला रडकं काहीतरी वाजवत असे, सुतार पलीकडे खिळे ठोकत असत. आता चित्र बोलू लागलं होतं आणि स्टुडिओची दातखीळ बसली होती. एवढ्या शांततेत थोरलीने आयुष्यात काम केलं नव्हतं.

प्रसंग नवरा घर सोडून जातो त्याचा होता. वाक्यं तिने घोकघोक घोकली होती. "मी जाऊ नका म्हणणार नाही," एवढं ती नीट म्हणाली. चेहरा असा काही भरून आला की खोक्यातल्या कॅमेरावाल्यानेही काचेला नाक लावलं. पुढे म्हणायचं होतं, "पण वळून बघू नका." ती म्हणाली, "आई, दूध बघ, उतू जाईल."

यंत्राने ते जसंच्या तसं टिपलं. आधी कुणाला काही कळेना, मग ब्लँकेटं ठोकणारा माणूस फसकन हसला, आणि एकदा कुणी सुरुवात केल्यावर कोण थांबतंय? थोरली मेकअपसकट घरी आली. आईला तिने यातलं काही सांगितलं नाही. घरात बाकी सगळ्यांना संध्याकाळपर्यंत कळलं होतं, कारण वकिलाला कळलं होतं.

पण हे दूध आलं कुठून, ते सांगायला हवं. धाकटी पोटात असताना आईला मोठा ताप आला आणि जाताना आईचे कान घेऊन गेला. वडील आधीच गेले होते. तेव्हापासून घराचे नियम ठरले. आईच्या तोंडासमोर येऊन बोलायचं, घास तोंडात असताना बोलायचं नाही, आणि शब्द गिळायचे नाहीत. आई ओठांवरून सगळं वाचत असे. तिला मागून हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे हादरा तिच्या तळव्यांना कळे. आई स्टुडिओच्या शिवणखात्यात कपडे शिवायची. यंत्रांच्या खडखडाटात लांबलचक खोलीच्या या टोकाला उभं राहून थोरली त्या टोकाच्या आईला शाळेतलं भांडण सांगायची, आवाज न काढता, नुसत्या तोंडाने, डोळ्यांनी आणि खांद्यांनी. एकदा तिने बाईंची नक्कल अशी केली की सगळ्या शिंपिणींची यंत्रं थांबली. काम का थांबलं म्हणून मास्तर चिडून आत आले आणि नटी घेऊन बाहेर पडले.

तिची कामाची रीत तेव्हाच ठरली. कॅमेरा फिरू लागला की ती कल्पनेने भिंगाच्या शेजारी आईला उभी करायची आणि मनात असेल ते तिला सांगायची. चष्मा शिवणाच्या डब्यात आहे. पावसात कपडे राहिलेत. आईला दूध उतू जाताना ऐकू येत नाही, त्यामुळे दूध तर हजारदा. चेहऱ्यावर जी काळजी दिसे ती खरीच असे, फक्त ती नायकाची नसे. त्या काळजीवर सगळं थिएटर रुमाल भिजवायचं. आणि पुढच्या रांगेत एक बाई मात्र खुदुखुदु हसत बसायची, ती आई. आजूबाजूचे लोक तिला वेडी समजत. मायलेकींचा हा चोरटा खेळ इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता. आता यंत्राने चोरी पकडली.

म्हणून वकिलाने तोड काढली. चेहरा ताईचा, आवाज धाकटीचा. धाकटी एक्सचेंजमध्ये बसून दिवसभर आवाजावरच पोट भरत होती. तिचं "नंबर प्लीज" ऐकून अनोळखी माणसं आपल्याला कुठला नंबर हवा होता तेच विसरत. तिने पडद्याआड उभं राहून वाक्यं म्हणायची, ताईने पुढे ओठ हलवायचे, बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. मास्तर आज तेच ऐकायला येणार होते. उद्या त्यांना कंपनीला नाव कळवायचं होतं. थोरलीचं नसेल तर रंगभूमीवरची एक नवी मुलगी तयारच बसली होती.

"तुझं काय म्हणणं आहे?" थोरलीने शेवटी धाकटीला विचारलं.

"माझं कसलं म्हणणं, ताई," धाकटी कड्या ओवत म्हणाली. "तुला लागेल ते."

ते ऐकून थोरलीला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती उठून चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेली.

तिथे वकिलाची बायको, घरातली वहिनी, आधणाकडे पाठ करून उभी होती. या दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं आणि कधी जमलंही नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून दोघी मूग गिळून होत्या. आज वहिनीने कप मांडता मांडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "वन्सं, त्या राजवाड्याच्या चित्रपटात तुम्ही विष पिता. तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं?"

थोरलीला आठवत नव्हतं.

"'हिने आज पुन्हा मीठ जास्त टाकलं.'"

थोरलीच्या हातातला चमचा तसाच राहिला. सासूबाईंच्या तोंडाकडे बघून बघून वहिनीही केव्हाच ओठ वाचायला शिकली होती, आणि हे या घरातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

"माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती," वहिनी म्हणाली. "मीही रडले. माझं कारण वेगळं होतं."

थोरलीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ती काहीतरी पुटपुटली. वहिनीने तिला थांबवलं. मीठ खरंच जास्त पडायचं, तेव्हापासून बेतानेच टाकते, असं ती म्हणाली. मग तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि थोरलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई आवडली. वहिनीने मग मनातलं सगळं सांगून टाकलं. मी घरी बसा म्हणत होते ते रागाने म्हणत होते. तुमचं काम मला आवडतं, मी एकही चित्रपट चुकवलेला नाही. पण धाकटीला पडद्याआड उभं करू नका. पोरगी तुम्हाला नाही म्हणणार नाही, तुम्ही तिला शिकवलंत, वाढवलंत, म्हणूनच तिला विचारायला नको होतं. एक्सचेंजमध्ये पुढच्या वर्षी तिला वरची जागा मिळेल, ती त्याच आशेवर आहे, आणि हे ती तुम्हाला मरेपर्यंत सांगणार नाही.

"मग मी काय करू?" थोरली म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही गं. आणि जे येतं ते उद्यापासून नकोय कुणाला."

ती घाबरली होती. लोकांच्या हसण्याला नव्हे, त्याची सवय होते. आईशी बोलल्याशिवाय आपल्याला अभिनय येतच नाही, आपण नटी नाहीच, नुसती एक बडबडी मुलगी आहोत, हे आता सगळ्यांना कळणार याची तिला भीती वाटत होती. वहिनीने थोरलीच्या हातातून चमचा घेतला आणि पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर वकिलाचा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आवाज ऐकू आला. मास्तर आले होते.

मास्तरांबरोबर आवाज टिपणारा यंत्रवालाही होता. चाचणीच्या दिवशी न हसलेला तो एकटाच, पण तो हसतच नाही अशीही ख्याती होती. वकिलाने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि ही युक्ती मूळची मास्तरांचीच असल्यासारखं बोलायला सुरुवात केली. थोरलीला मास्तरांनी शिवणखात्यातून उचललं होतं, तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं. त्यांनी नुसतं "करा" म्हटलं आणि डोळे मिटले. आवाज पारखायचा तर डोळे मिटूनच पारखावा, हे त्यांनी नव्याने शिकलेलं होतं.

थोरली पडद्यापुढे उभी राहिली. धाकटी पडद्यामागे. वकिलाने नाटकातल्यासारखी टाळी वाजवली.

"मी जाऊ नका म्हणणार नाही," धाकटीचा आवाज आला, आणि खोलीतली खुर्चीसुद्धा सरळ होऊन बसावी असा तो आवाज होता. थोरलीने ओठ हलवले. अवघड काहीच नव्हतं, धाकटीचं बोलणं तिला पाठ होतं, धाकटीला बोलायला तिनेच शिकवलं होतं. "पण वळून बघू नका. बघितलंत, तर म्हणेन."

ओठ आणि आवाज तंतोतंत जुळले. यंत्रवाल्याने मान हलवली. वकिलाचा चेहरा उजळला. आणि थोरलीला वाटलं, आपण आरशासमोर उभ्या आहोत आणि आरशात दुसरंच कुणी आहे. तिने पुन्हा ओठ हलवले, कारण मास्तर "आणखी एकदा" म्हणाले होते.

दुसऱ्यांदा पहिलंच वाक्य अर्ध्यावर असताना आई आली. ती बाजूच्या बोळातून आली, तिथून पडद्याची पुढची बाजूही दिसे आणि मागचीही. आई उंबऱ्यात थबकली. तिने पुढच्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मागच्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"एका घासाला दोन तोंडं कशाला?" ती म्हणाली.

आईला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो केवढा लावायचा याचा अंदाज तिला नसे. मास्तरांनी दचकून डोळे उघडले. वकील लगबगीने पुढे झाला आणि समजावू लागला, की हे असं असतं, हल्ली सगळीकडे असंच करतात, यात काही कमीपणा नाही.

"आधी मिशी उचल, मग बोल," आई म्हणाली. वकिलाने ऐटीसाठी मिशा वाढवल्यापासून त्याचं बोलणं तिला धड वाचता येत नसे, आणि ती त्याबद्दल फारशी हळहळतही नसे.

शेवटी धाकटी पडदा सारून बाहेर आली आणि आईसमोर उभी राहून तिने सरळ सांगितलं. चित्रं आता बोलतात. ताईच्या चाचणीत घोटाळा झाला. म्हणून आवाज माझा. आईने विचारलं, घोटाळा कसला? धाकटी थोरलीकडे बघू लागली. वकील जमिनीकडे बघू लागला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. थोरली आईसमोर आली.

"वाक्य म्हणायचं सोडून मी तुला दूध बघ म्हणाले."

आईने ते वाचलं. क्षणभर तिचा चेहरा कोरा राहिला, आणि मग ती जी हसत सुटली ती भिंतीला धरूनच थांबली. तिच्या हसण्याने वहिनी हसली, वहिनीमुळे धाकटी हसली, आणि न हसणाऱ्या यंत्रवाल्याने तोंडावर रुमाल धरला. थोरलीला मात्र रडू येत होतं.

"मला तुझ्याशीच बोलता येतं, आई," ती म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर दुसऱ्या कुणाशी मी बोललेच नाही कधी. आता तुझ्याशी बोलता येणार नाही, तर माझ्याजवळ काय राहिलं?"

आईचं हसू हळूहळू उतरलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची ओढून मास्तरांच्या शेजारी, थोरलीच्या अगदी समोर बसली.

"मग माझ्याशीच बोल की," ती म्हणाली. "पण त्यांचं बोल. घरचं मला घरात कळतं. तिकीट काढून थिएटरात मी काय दुधाची चौकशी करायला जाते?"

"तुला आवडायचं ते. तू हसायचीस."

"हसायचे. आवडायचंही." एवढं सलग आई चारचौघांत कधी बोलत नसे. "पण सगळं थिएटर रडत असतं आणि मी एकटीच हसत असते. बाहेर पडताना बायका डोळे पुसत एकमेकींना सांगत असतात, ती अशी म्हणाली असेल, तशी म्हणाली असेल. मला माहीत असतं तू काय म्हणालीस ते, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नसतं. इतकी वर्षं माझ्या लेकीचं काम सगळ्यांनी पाहिलं, मी नाही पाहिलं. मला एकदा सगळ्यांबरोबर रडायचंय."

थोरलीला वाटत होतं की आपण आईला इतकी वर्षं काहीतरी देत आलो. तिच्या वाटचं काहीतरी काढून घेत आलो हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि त्याबरोबरच अंगावरचं मोठं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकंही वाटलं. आई कुठे गेलेली नव्हती. भिंगाच्या शेजारीच होती, फक्त आता तिला गोष्ट ऐकायची होती.

थोरलीने पडदा पूर्ण बाजूला सारला आणि ती आईसमोर उभी राहिली.

"मी जाऊ नका म्हणणार नाही," ती म्हणाली.

धाकटीच्या आवाजानंतर हा आवाज म्हणजे रेशमानंतर घोंगडं. जाड, थोडा घोगरा, आणि या खोलीला जरा जास्तच मोठा. वकिलाने डोळे मिटून घेतले. पण आईच्या नजरेसमोर शब्द गिळायची मुभा या घरात कुणालाच नव्हती, आणि थोरलीचा शब्दन्‌शब्द सुटा, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचत होता.

"पण वळून बघू नका."

ती थांबली. चाचणीच्या दिवशी ती इथवर पोचलीच नव्हती. आई तिच्या ओठांकडे बघत होती, पुढे काय येणार ते तिला माहीत नव्हतं, आणि तिला ते माहीत नाही याचंच थोरलीला नवल वाटलं. आपल्या तोंडून निघणारी एखादी गोष्ट आई पहिल्यांदाच ऐकत होती. तिला ती सांगावीशी वाटली.

"बघितलंत," ती म्हणाली, "तर म्हणेन."

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही, पुसायला मान वळवावी लागली असती. वहिनी पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. मास्तरांचे डोळे केव्हापासून सताड उघडे होते. त्यांनी यंत्रवाल्याकडे पाहिलं. यंत्रवाला म्हणाला की त्याच्या यंत्राला गोडव्याशी देणंघेणं नाही, त्याला शब्द लागतात, आणि आजवर त्याने ज्यांचे आवाज टिपले त्या सगळ्यांचे शब्द पीठ चाळावं तसे चाळून घ्यावे लागले होते. इथे तसं काही लागणार नाही. मास्तर उठले, थोरलीजवळ आले आणि आता तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "उद्या स्टुडिओत ये. एकटी ये. नाव मी आजच कळवतो."

वकिलाला काहीतरी अटी मांडायच्या होत्या, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. धाकटी स्टुलावर चढून दांडीतल्या कड्या काढू लागली होती, आणि ओवताना लागला होता त्याच्या निम्माही वेळ तिला लागत नव्हता. आईने तिला हाताने खूण करून खाली बोलावलं.

"हिचा आवाज कसा आहे गं?"

हा प्रश्न आईने आजवर कुणालाच विचारला नव्हता. थोरली मोठी होऊन ज्या आवाजात बोलू लागली तो तिने ऐकलेलाच नव्हता. वकील घाईघाईने गोड आहे म्हणणार होता, पण मिशी आडवी आली. धाकटी स्टुलावरून उतरली आणि आईसमोर येऊन उभी राहिली. आवाजाच्या बाबतीत खोटं बोलणं तिला जमत नसे, तिचा धंदाच तो.

"जाड आहे," ती म्हणाली. "घोगरा आहे. मोठा आहे." मग जरा विचार करून तिने शब्द सुटे करून सांगितलं, "आई, तुझ्यासारखा आहे."

आईचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. स्वतःचा आवाज तिने ऐकला त्याला धाकटीच्या वयाएवढी वर्षं झाली होती. तो कसा होता ते ती जणू बोटांनी आठवून पाहत होती. मग तिने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

"मग शेवटच्या रांगेपर्यंत जाईल," ती म्हणाली.